घराची दर्शनी बाजू

घर बांधून झालं तेव्हा ते कुणालाच फारसं आवडलं नव्हतं, आणि त्याचं सगळ्यात कमी दुःख तिला झालं होतं. ती रुग्णालयात एक्स-रे काढायची. चेहरा कसाही असो, हाडं जागच्या जागी असली की झालं, असं तिचं मत. घराचंही तसंच. विटा चांगल्या भाजलेल्या होत्या, छत गळत नव्हतं. उभं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर आता हवा तिथं खिळा ठोकता येत होता. आणखी काय हवं?

पण समोरून घर म्हणजे नुसता विटांचा ठोकळा. मधोमध दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, संपलं. नणंद पहिल्यांदा आली ती फाटकातच थबकली.

"अगं, हे घर आहे की टपाल कचेरी? तिकिटं कुठल्या खिडकीवर मिळतात?"

सगळे हसले. नवराही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आठवड्याच्या आत त्यानं आर्किटेक्ट बाईंना बोलावलं.

बाई मोजकं बोलणाऱ्या. रस्त्यापलीकडे उभं राहून त्यांनी बराच वेळ घराकडे पाहिलं.

"घर वाईट नाही," त्या म्हणाल्या. "फक्त ते कुणाची वाट बघत नाहीये."

मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं. दारापुढे कमानीची छोटी पडवी, तिच्या दोन्ही बाजूंना बसायला कट्टे. खिडक्यांवर उभ्या विटांची एकेक ओळ. विटांमधल्या सांधी खरवडून पांढऱ्या चुन्यानं भरायच्या. दार गडद हिरवं आणि पडवीत पितळी दिवा. काम दृष्ट लागण्यासारखं झालं. येणारे-जाणारे पावलं मंद करून बघायला लागले.

दिवा लागला त्या संध्याकाळी समोरचे म्हातारे दंतवैद्य कुंपणापाशी आले.

"बरं केलंत, दिवा परत लावलात. चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं."

"परत? काका, आजच तर लावलाय."

ते गोंधळले. घराचा पाया खणताना रोज काठी टेकत बघायला येणारे ते हेच. "हो की. इथं तर मोकळी जमीन होती." मग कमानीकडं बघत हळूच म्हणाले, "तरीपण."

वय झालं की व्हायचंच, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

पार्सल आणून देणारी बाई तिच्या रोजच्या ओळखीची. एका दुपारी तिनंच दार उघडलं, तर पार्सलवालीनं विचारलं, "घरातलं कुणी आहे का?"

"म्हणजे? मी आहे की!"

पार्सलवालीनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं, ओळखीचं हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "इथंच ठेवते हं!"

तिनं वळून पाहिलं. मागं नुसता बोळ होता. तिचीच छत्री, तिचीच चपलांची फळी. नवरा शाळेत शिकवायला गेला होता.

सुट्टीच्या दिवशी नणंद आली. या वेळी तिनं थट्टा केली नाही. पडवीत पदर सारखा केला, आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली.

"छान केलंय. आवड चांगली आहे यांची."

"यांची म्हणजे कुणाची, ताई?"

"ज्यांचं घर आहे त्यांची." मग नणंद पुढं वाकून कुजबुजली, "जरा हळू बोल गं. आत कुणी पडलं असेल."

तिला हसू आलं नाही. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताईचं काय मनावर घेतेस?" पण हे तोही हळू आवाजातच म्हणाला.

ती मागच्या दारानं यायला लागली. मागून आलं की घर तिचं असायचं. चिरा पडलेली बरणी, तिच्याच हातून वाकडी बसलेली कडी, सगळं होतं तिथंच. रस्त्यावरून पाहिलं की मात्र तिला काहीतरी आवरून घ्यावंसं वाटायचं. केस, आवाज.

शेवटी तिनं आर्किटेक्ट बाईंना परत बोलावलं.

"कमान पाडायची आहे. दिवाही काढा. पूर्वी होतं तसं करून द्या."

बाईंनी तिच्याकडे कळवळून पाहिलं. "हे असं मला नाही करता येणार. घरच्यांना विचारावं लागेल."

"अहो, घरची मीच! बोलावलं कुणी तुम्हाला? आम्हीच ना?"

"हो, ते खरंच. तरी त्यांना विचारायला हवं."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो कमानीकडे बघत होता.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "विचारायला हवं."

बाई गेल्या. तिनं स्टूल आणलं आणि दिव्याचे स्क्रू स्वतःच काढायला घेतले.

समोरचे दंतवैद्य रस्ता ओलांडून आले. पाठोपाठ शेजारीण आली. कुणी ओरडलं नाही.

"असं बरं नव्हे," शेजारीण समजुतीनं म्हणाली. "लोकाच्या घराला हात लावू नये."

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. सगळे वर बघत होते. तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती खाली उतरली. नवऱ्यानं स्टूल पुसून ठेवलं.

नंतर तिनं हा विषय काढला नाही. थोड्या दिवसांनी संध्याकाळी तिला घ्यायला तो रुग्णालयाच्या दाराशी आला. दोघं चालत निघाली. कोपऱ्यावर त्यानं संत्री घेतली, निवडून, वास घेऊन.

"घरी आहेत की," ती म्हणाली.

"असू देत. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

तिला ते पटलं.

फाटक त्यानं आवाज न करता लावलं. दिवा लागलेला होता. पडवीत त्यानं पिशवी डाव्या हातात घेतली आणि घंटी वाजवली.

"आले, आले!" आतून कुणीतरी म्हणालं.

पावलं बोळातून येत होती. तिनं घराची किल्ली पर्समध्ये रुमालाखाली सरकवली. कुणी पाहिली असती तर बरं दिसलं नसतं.