तापीकाठच्या चर्चमधली बेपत्ता आई

भागीरथीबाई नाहीशा झाल्याचं कळलं, तेव्हा पांडेसऱ्याच्या एका सोसायटीतून सहलीला आलेली मंडळी चर्चच्या आवारात डबे उघडत होती. म्हातारीच्या चपला दाराशी होत्या, काठी आत शेवटच्या बाकाला टेकवलेली होती. म्हातारी मात्र कुठेच नव्हती.

त्यांचा मुलगा हिलाल नदीच्या काठापर्यंत धावत जाऊन शोधून आला होता. त्याच सोसायटीत राहणाऱ्या, खासगी तपासाची कामं करणाऱ्या नूतन अहिरे सहलीत होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"प्रियांका सकाळी तिला टाकून बोलली. आई अनवाणीच निघून गेली. मी पोलिसांत जातो, बायकोचं नाव सांगतो."

नूतनचे सहकारी योगेंद्र यांनाही ते पटलं. नूतननी आधी प्रियांकाला बाजूला घेतलं. भांडण झालं होतं, हे तिने मान्य केलं. आईंना तापीचं सगळं पात्र पाहायचं होतं. चर्चच्या मनोऱ्यावरून दिसतं, पण दुखऱ्या गुडघ्यांनी तुम्हाला चढवणार नाही, असं ती म्हणाली होती. तिच्या पर्समध्ये सासूचं कानाचं मशीन निघालं. ते शिट्टी मारत होतं, म्हणून आईंनीच काढून दिलं, असं तिने सांगितलं. हिलालचा त्यावर विश्वास बसला नाही.

मग रखवालदार सॅम्युअलभाईंची पाळी आली. मनोऱ्याचा जिना अरुंद, दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी दांडे. लोक उतरल्यावर त्यांनी खालून मोठ्याने हाक मारली होती. उत्तर आलं नाही, तेव्हा दाराला कुलूप घातलं.

नूतननी त्यांच्याकडे किल्ली मागितली.

"गुडघे दुखणारी बाई तिथे कशी चढेल?" योगेंद्रनी विचारलं.

"सपाट रस्त्यावरही त्यांना काठी लागते. रागावून निघाल्या असत्या, तर काठी आणि चपला घेऊनच गेल्या असत्या. काठी मुद्दाम टेकवून ठेवली आहे, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवे होते. इथे दोन्ही हातांनी धरायची जागा एकच, तो जिना. चढायचं कारण तापी. सुनेने नको म्हटलं, म्हणून गुपचूप गेल्या."

"मग हाकेला ओ का दिली नाही?"

"मशीन पर्समध्ये होतं ना."

कुलूप उघडलं. वरच्या खिडकीशी, दगडी कट्ट्यावर भागीरथीबाई शांत बसल्या होत्या. खाली उडालेल्या गोंधळाची त्यांना गंधवार्ताच नव्हती. माहेरच्या गावाजवळून वाहणारी नदी इथे एवढी रुंद झालेली पाहून त्या हरखल्या होत्या. हिलाल जिन्याच्या वरच्या टोकाशी पोहोचला. भीती ओसरली तसे त्याचे डोळे भरून आले.

"चाल आई, मी उतरवतो," तो तिला दिसेल असा हात पुढे करून म्हणाला.

म्हातारीने मान हलवली.

"तू नको. उतराले मना हात प्रियांकाच धरी."

प्रियांका खालच्या पायरीवर रडत उभी होती. हिलालने तिच्याकडे पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभा राहिला आणि त्याने बायकोला पुढे जाऊ दिलं.