तामियाची वही

रितिकानं नळीवर चिठ्ठी चिकटवली आणि नाव पुकारलं, धोंडबा. म्हाताऱ्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या मुलानं फोन कानाला तसाच ठेवून हात वर केला... एक मिनिट. तो हिंदीत कुणाला तरी विचारत होता, की गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं आणि बाल्कनीतून सूर्य मावळताना खरंच दिसतो, की फक्त फोटोत?

धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये असं काही कुणी विचारत नसे. रितिकाला हसू आलं. पाच वर्षं ती कामठीहून रोज इथं येत होती, आणि आता पहिल्यांदाच स्वतःची, स्वतः ठरवलेली सुट्टी घेणार होती. महिनाभर ती नेटवर शोधत होती. तीन हॉटेलांच्या पानांवर तिला एकाच बाल्कनीचा फोटो सापडला होता, आणि कौतुकही शब्दाला शब्द तेच. सगळ्या नमुन्यांचा निकाल सारखाच आला तर आधी मशीन तपासायचं, एवढं तिला कळत होतं.

रक्त घेऊन झाल्यावर तिनं त्याला विचारलंच, माहिती कुठून मिळवता?

त्यानं पिशवीतून वही काढली. त्याचं नाव धम्मानंद. घर मूळचं भिवापूरचं, नोकरी विम्याच्या ऑफिसात. वहीत छिंदवाड्याच्या पुढचं, डोंगरातलं तामिया होतं. प्रत्येक ओळीसमोर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. दुसऱ्या कुणी तेच सांगितलं, तरच पुढं हिरवी टिक.

"हॉटेलवाला खोटं बोलते," तो म्हणाला. "त्याच्या समोरचा पानवाला नाई बोलत."

"कितीदा गेले तुम्ही तिथं?"

"एकदाबी नाई." त्यानं वडिलांकडे पाहिलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार वर्षांपासून.

रितिका म्हणाली, आमच्याकडंही एकच रीडिंग खरं धरत नाहीत.

"मंग माझं दुसरं रीडिंग कधी घेता?"

"शुक्रवारी. उपाशीपोटी या."

शुक्रवारी तो खरंच चहासुद्धा न पिता आला. मग तिनंच त्याला कँटीनमध्ये नेऊन पोहे खाऊ घातले. पुढं बाबा वर मशीनला असले की खाली दोघांचा चहा ठरलेला. ‘म्याडम’ची ‘रितिका’ झाली, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. वहीच्या पानावर तिचं बोट त्याच्या बोटाशेजारी थांबू लागलं — घाटातल्या एखाद्या वळणापाशी, जरा जास्तच वेळ.

एकदा कप खाली ठेवत तो म्हणाला, "बाबाचं हे नसतं ना, तर पहिले तुले घेऊन तामियाले गेलो असतो."

ते वाक्य तिनं घरी नेलं. गोड होतं, पण त्याच्या पोटात काय आहे हेही तिला दिसत होतं. ‘हे नसतं’ म्हणजे बाबा नसते. त्या दिवसाची वाट पाहायची? दर वेळी त्यांचे आकडे तीच तर कागदावर उतरवत होती.

म्हणून तिनं ते ‘नसतं’च काढून टाकायचं ठरवलं: बाबांनाही सोबत न्यायचं. छिंदवाड्यात बाहेरगावच्या पेशंटचं डायलिसिस होतं का, हे दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारलं. बुधवारची वेळ मिळवली. डॉक्टरांनी होकार दिला, पत्रही दिलं. तिथं लागणाऱ्या तपासण्यांसाठी तिनं स्वतःच बाबांचं रक्त घेतलं. जमेल ना बाबा, असं विचारल्यावर धोंडबा हसले.

"मले काय विचारते वं पोरी? चार सालापासून मीच म्हणून राहिलो, चाल गा, कुठी तरी जाऊ. तोच म्हणते, बाबा, तुमच्यानं नाई होत." मग म्हणाले, "तिथं स्वेटर लागते का?"

तिनं दंडावरचा पट्टा सोडला. हे एक रीडिंग, तिनं मनाशी म्हटलं. एकाच रीडिंगवर काही ठरवायचं नाही.

शुक्रवारी तिनं सहलीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. वर तिघांची नावं होती, बाबांचंही. त्यानं विचारलं, रस्ता बंद झाला तर? दुसरा रस्ता लिहिलेला होता. मशीन बिघडलं तर? दुसरं सेंटर, नंबरासकट. तो विचारत गेला, कागद उत्तरं देत गेला. शेवटी विचारायला काही उरलं नाही.

"काहून केलं तू हे?" तो हळूच म्हणाला.

"तूच म्हणाला होतास ना... नसतं तर."

त्यानं कागद नीट घडी करून तिच्याकडं सरकवला. "बाबाच्यानं नाई होत, रितिका."

दुसरं रीडिंग पहिल्याशी तंतोतंत जुळलं. धोंडबा काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही. चहा तसाच राहिला.

नोव्हेंबरात ती एकटीच तामियाला गेली. बस वहीत होती त्याच वेळेला सुटली. हॉटेलसमोर पानवालाही होता. बाल्कनी पश्चिमेलाच होती, आणि सूर्य खरंच तिच्यासमोर दरीत उतरला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. कशी आहेस, असं नव्हतं. ‘गरम पाणी नऊपर्यंत येते का?’

तिनं लिहिलं, ‘दोन दिवस सकाळी पाहिलं. साडेआठपर्यंतच.’ मग खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘स्वेटर लागतं. बाबांना सांग.’

उत्तर लगेच आलं, स्वेटरच्या ओळीलाच. एक हिरवी टिक.