बेचाळिसावं यंत्र

त्या रविवारी दुपारी मी एका बंद ऑफिसात एकटाच काम करत होतो. काम रोजचंच. नेटवर्कला जोडलेले कॅमेरे, प्रिंटर, इंटरकॉम यादीशी ताडून पाहायचे, कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलायचे, आणि यादीत नसेल ते काढून टाकायचं. बायको गेल्यापासून रविवारची कामं मी मागून घेतो.

यादीत एक्केचाळीस यंत्रं होती. पडद्यावर बेचाळीस दिसली. जास्तीचा एक इंटरकॉम होता, तिसऱ्या मजल्यावरचा. त्याचा पासवर्ड कोणी कधी बदललाच नव्हता. जगातला कोणीही आत शिरू शकला असता. मी लाइन उघडली.

आधी नुसती खरखर आली. मग एक बाई अगदी हळू म्हणाल्या, "जेवलात का?"

मी गेटवरच्या पहारेकऱ्याला फोन लावला. "काका, तिसऱ्या मजल्यावर कोण आहे?"

"कोणी नाही. कुलूप आहे तिथे. पूर्वी टेलिफोनवाल्या ताई बसायच्या. वारल्या, चार वर्षं झाली." मग स्वतःच म्हणाले, "रविवारीसुद्धा यायच्या हो. घरी कोणी नव्हतं त्यांना."

किल्ली घेऊन मी वर गेलो. खोलीत ओल्या कागदांचा वास कोंडला होता. टेबलावर बोटभर धूळ. भिंतीवर इंटरकॉम होता, पण त्याची वायर कधीच कापलेली, टोक नुसतं लोंबत होतं. तरी स्क्रू काढले आणि डबी हातात घेतली. हलकी होती, गार होती.

"तुमच्या घरी...," डबीतून आवाज आला, "कोणी असतं का?"

टाकून पळायला हवं होतं. पण इतक्या मायेनं मला कित्येक महिन्यांत कोणी काही विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

डबी तिथेच टेबलावर ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं. खाली येऊन पाहिलं, तर पडद्यावर बरोबर एक्केचाळीस. अहवाल लिहिला, किल्ली परत केली, घरी आलो.

माझ्या घरच्या वायफायवर दोनच यंत्रं असतात, फोन आणि लॅपटॉप. त्या दिवसापासून तीन दिसतात. लोकांना मी हेच सांगत फिरतो, अनोळखी काही दिसलं की आधी पासवर्ड बदला.

माझा मी अजून बदललेला नाही.