एका ओळीपुरतं नाव

आमच्या ऑफिसात निवृत्त माणसाला विसरायला साधारण दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी त्याची खुर्ची पळवली जाते, दुसऱ्या दिवशी टेबलफॅन. त्यामुळे टपाल विभागातले कारकून निवृत्त झाले त्याच संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला "कोण कारकून?" असं विचारलं, तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. वेग जरा जास्त होता, इतकंच.

कारकुनांना निरोप मीच दिला होता. म्हणजे हार वगैरे नव्हे, मशिनवरून. मी तिसऱ्या मजल्यावर मशिनच्या खोलीत बसतो. एक खिडकी, तिच्यासमोर भिंत. एसीखाली बादली. मशिन इतकं जुनं की त्याला माउस नाही. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि ओळीच्या टोकाशी लुकलुकणारा चौकोन. माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचं कार्ड, फोन, कपाट, याद्यांमधलं नाव, सगळं इथून बंद करायचं असतं. त्यासाठी लागणाऱ्या बारा आज्ञा माझ्या आधीच्या ऑपरेटरने एका फंक्शनमध्ये बांधून त्याला ‘निरोप’ असं नाव दिलं होतं. निरोपला स्वतःला काही ठाऊक नसतं. तो ‘कोण’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मशिनच्या एका कप्प्यात, डोकावतो, तिथे जो नंबर असेल त्याला घालवतो. म्हणून एकाच ओळीत आधी नंबर आणि मग निरोप असं लिहायचं. ओळ संपली की नंबरही संपला. पुस्तकात तरी तसंच आहे.

जुन्या ऑपरेटरने पडद्याच्या कडेला एक पट्टी चिकटवली होती. ‘नंबर आधी. निरोप मागून. झाल्यावर कोण रिकामा आहे का ते पाहणे.’ खाली त्याचा फोन नंबर. तिसरी सूचना मी कधी पाळली नाही. काही माणसं कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतात, त्यांतला तो असावा असं मी धरून चाललो होतो. शिवाय निरोप द्यायचा तो साडेचारनंतर, आणि पाचला मी पडद्यावरची खिडकी बंद करून घरी. खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं.

एका मंगळवारी मात्र मी निरोप दुपारी बारा वाजता दिला. आणि तो कोणी निवृत्त होत होतं म्हणून नव्हे.

आमचा स्टोअरकीपर हा माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. त्यानेच आमची ओळख करून दिली, आणि पुढची एकोणीस वर्षं त्याचा हिशेब तो चुकता करून घेत होता. स्वतः लग्न केलं नाही. सगळा वेळ माझ्यासाठी राखून ठेवला. त्या दिवशी तो दारात उभा राहिला, हातात साहेबांच्या सहीचा कागद.

"जावईबापू, खोली सोमवारपर्यंत रिकामी करा. इथे माझे रॅक येणारेत."

"आणि मशिन?"

"भंगारात. तुमचं टेबल तळघरात, जिन्याखाली. थंड असतं तिथे. या वयात बरं."

त्याने टेबलावर पंजा टेकून कागद ठेवला. त्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये गेलं. बोलताना तो ते अर्धं बोट टेबलावर आपटत राहतो.

"ताईला मी सांगितलंय," जाता जाता तो म्हणाला. ताई म्हणजे माझी बायको, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. "ती म्हणाली, बरंच झालं, हा तरी कुठे काय करतो."

तो जिना उतरून गेला. त्याचा नंबर ४१७. शत्रूचा नंबर पाठ होतोच. मी लिहिलं: कोण=४१७ निरोप. त्याचं कार्ड दिवसभर दारात अडेल, तो रखवालदाराशी हुज्जत घालेल, संध्याकाळी मी उपकार केल्यासारखं सुरू करून देईन, असा साधा, सुशिक्षित सूड होता.

मी एंटर दाबलं. पडद्यावर आलं: निरोप दिला.

अर्ध्या तासाने मजा बघायला खाली गेलो. स्टोअरच्या खिडकीत एक अनोळखी बाई पावत्या लावत होत्या.

"स्टोअरकीपर कुठायत?"

"मीच," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. रोज नमस्कार करता की मला."

मला हसू आलं नाही. घर दहा मिनिटांवर आहे. जेवायला म्हणून गेलो. बायको पोळ्या लाटत होती. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "दादाचा फोन आला होता का?"

"कुठला दादा?"

"तुझा दादा."

तिने लाटणं थांबवलं. "ऊन लागलं का तुला? मी एकुलती एक आहे. माझ्या आईबापांवर आणखी एक मूल लादू नकोस."

हॉलमध्ये तिचा लहानपणीचा फोटो आहे. सात वर्षांची ती तीनचाकी सायकलवर, मागे भाऊ, त्याचा हात तिच्या खांद्यावर. एकोणीस वर्षं मी तो हात बघत आलोय. आता मागे नुसती भिंत होती. पण तिच्या फ्रॉकचा खांदा दबलेला होता. कापडात चार खळगे दिसत होते, आणि मधल्या बोटाचा इतरांपेक्षा आखूड.

मी जेवलो नाही. ऑफिसात परत येऊन पट्टीवरचा नंबर लावत राहिलो. उचलला गेला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

"तपासलंत का?" जुन्या ऑपरेटरने नमस्काराऐवजी हेच विचारलं.

"काय?"

"कोण. रिकामा आहे का?"

मी बघितलं. पडद्यावर आलं: ४१७.

"असं कसं? एका ओळीपुरतंच लिहिलं होतं मी."

"साध्या आज्ञेआधी लिहिलं असतं तर गेलं असतं. निरोप फंक्शन आहे. आपल्या त्या मशिनवर फंक्शनच्या आधी लिहिलेलं मागे राहतं. आणि चारला दिवसअखेरचं काम त्याच खिडकीतून आपोआप निघतं. ते पुन्हा निरोपला हाक मारतं."

"मारू दे. तो माणूस गेलाय."



"गेलेला नंबर परत आला की निरोप वारसाचा रकाना वाचतो. मी तसं लिहिलेलं नाही. पण वाचतो. तुमच्या माणसाचा वारस कोण?"

मेहुण्याचा फॉर्म मला माहीत होता. त्यानेच एकदा नाक वर करून दाखवला होता. लग्न न झालेला माणूस. वारस म्हणून बहीण.

"माझ्या घरी सहा खुर्च्या आहेत," ऑपरेटर म्हणाला. "मी एकटा राहतो. सहा का घेतल्या ते आठवत नाही. सुरुवातीला आठवत असणार. तुम्ही लिहून ठेवा." त्याने फोन ठेवला.

चारला बारा मिनिटं होती. डोकं अजून चालत होतं. चालत्या खिडकीत भलतंच काही मोडू नये म्हणून मी तिच्याच आत एक नवं शेल, म्हणजे खिडकीच्या पोटात दुसरी खिडकी, उघडलं. ही सावध माणसाची सवय. तिथे ‘कोण’ पुसून टाकला. मग पट्टीवरची तिसरी सूचना आयुष्यात पहिल्यांदा पाळली. कोण रिकामा होता. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदाही.

बायकोला फोन केला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"येतो. लवकर येतो आज."

"ये. आणि ते दादाचं काय मघाशी? मला उगाच रडू आलं. काही कारण नसताना."

"घरी आल्यावर सांगतो."

चार वाजले. पडद्यावर एक ओळ उमटली.

४१७ आधीच गेले. वारस: एक.

मग दुसरी.

निरोप दिला.

आतल्या शेलला बाहेरचं सगळं मिळतं, पण नक्कल म्हणून. आत पुसलेलं बाहेर पुसलं जात नाही. हे पूर्वी क्लासमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवायचो.

मी आतलं शेल बंद केलं. बाहेरच्या खिडकीत विचारलं. ४१७.

आता पुसलं. नीट पुसलं.

हातातला फोन चालूच होता. पलीकडे कोणी नव्हतं. गॅसवर काहीतरी उकळत असल्याचा आवाज येत होता.

घरी पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती. हॉलमधल्या फोटोत तीनचाकी सायकल एकटीच उभी होती, सीट दबलेली. लग्नाच्या फोटोत मी एकटा, कोपर बाहेर काढून, कोणाला तरी हात धरायला दिल्यासारखा.

इथवरचं मी त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं.

खोली माझ्याकडेच राहिली. रॅक मागणारं कोणी नव्हतंच. रोज चारला मी कोण तपासतो, रिकामा असतो. वही अधूनमधून वाचतो. अक्षर माझं आहे. बायकोचा उल्लेख येतो तिथे थांबतो, आणि माणूस एकटा राहिला की काय काय रचतो याचं हसू येतं.

परवा लाँड्रीवाल्याने शर्ट परत दिले, तेव्हा एक बाजूला काढून ठेवला होता.

"साहेब, याचा उजवा खांदा काही सरळ होत नाही. तीनदा इस्त्री फिरवली. बाकीच्या शर्टांचंही तेच व्हायला लागलंय."

त्याने शर्ट उजेडात धरला. कापडात चार खळगे होते. मधल्या बोटाचा आखूड होता.

अर्धं बोट कोणाचं, हे मला आठवेना. घरी जाऊन वहीत शोधावं लागलं.