शेवटच्या प्रसंगातला आवाज

बंद दाराआडून ताईचा आवाज आला आणि मावशी हातातल्या दोन बशा घेऊन पॅसेजमध्येच थबकली. आत पुन्हा तोच सिनेमा चालला होता. आई गमावलेली एक मुलगी आणि तिची मैत्रीण मिळून बर्फात गाडली गेलेली जुनी घंटा उकरून काढतात, घासूनपुसून टांगतात, आणि नाताळच्या संध्याकाळी त्या घंटेतून आई बोलू लागते... सिनेमा परक्या भाषेतला. आपल्या भाषेत त्या आईला आवाज दिला होता ताईने. डबिंग हाच तिचा व्यवसाय, आणि हे तिचं शेवटचं काम.

ताईला जाऊन तीन वर्षं झाली होती. वडिलांचा चेहराही न आठवणारी तिची पोर आता पंधराची झाली होती. या तीन वर्षांत मावशीने तिच्यासाठी काय नाही केलं? ठरलेलं लग्न मोडलं, दुसऱ्या गावी मिळत असलेली बढती नाकारली, तिच्या दुखण्याखुपण्यात डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पण भाचीचं मन मोकळं व्हायचं ते दोघींपाशीच... पडद्यावरच्या आईपाशी, आणि शेजारी बसलेल्या त्या चष्मिसपाशी.

चष्मिस म्हणजे भाचीची वर्गमैत्रीण. पलीकडच्या गावाहून रोज बसने शाळेला येणारी. तिचेही वडील गेल्या वर्षी गेले होते. दोघी एका पांघरुणात पाय घालून सिनेमा बघत, एकदम रडत, एकदम खिदळत. आणि मावशी आत आली की दोघी एकदम गप्प होत. मेलेल्या बहिणीचा मत्सर करावा, हे मावशीचं तिलाच पाप वाटायचं. पण चष्मिस तर जिवंत होती! तिच्यावर जळायला कसली आडकाठी?

"मीही बसू का जरा? शेवटच राहिलाय ना, बाळा?" दार लोटून तिने विचारलं.

"नको. तू मध्येच अभ्यासाचं काढतेस." भाचीने बशा घेतल्या आणि खालच्या मानेनेच म्हणाली, "आणि मावशी, आईसारखं 'बाळा' म्हणत जाऊ नकोस ना. तुला ते जमत नाही."

मावशी बाहेर आली. आत शेवटचा प्रसंग लागला होता. घंटा म्हणत होती, "सावकाश जा, बाळा. वाट कुठे पळून जात नाही..."

तो आवाज मावशीचा होता.

शेवटचा प्रसंग उरला तेव्हा ताईचा श्वास पुरेनासा झाला होता. तिने धाकट्या बहिणीला स्टुडिओत नेलं, आपल्या जागी उभं केलं आणि म्हणाली, "आपला गळा एकच आहे. तू बोल. पण पोरीला कधी सांगू नकोस. आई शेवटपर्यंत बोलली, असंच तिला वाटू दे." तो शब्द मावशीने पाळला होता. घरी तिचा आवाज दमलेला, चिरका, घाईचा असे. मग कुणाला शंका यावी? पण स्वतःच्याच आवाजाची सवत होऊन जगणं... एक वाक्य बोलायचा अवकाश होता. ते तिने गिळलं.

गिळलेलं विष मात्र दुसऱ्या वाटेने बाहेर आलं. मावशी बसस्थानकावर घोषणा करायची नोकरी करत असे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चष्मिसला फलाटावर गाठलं. "तुझ्यामुळे तिचं अभ्यासात लक्ष राहिलं नाहीये. आता घरी येत जाऊ नकोस."

चष्मिसने चष्मा काढून पुसला. "बरं, मावशी." मग हळूच म्हणाली, "मी रोज इथे तुमची घोषणा ऐकते. ती घंटा तुम्ही आहात, हे मला केव्हाच कळलंय. तिला नाही सांगितलं. माझ्या बाबांचा कुठे आवाजच नाहीये... तिच्याकडे आहे, तो मी कशाला काढून घेऊ?"

मावशीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चार दिवस भाची जेवली न जेवली. पाचव्या दिवशी ती स्थानकाचा जिना चढून थेट केबिनमध्ये आली. "ती माझ्याशी बोलत नाही. शाळेतही टाळते. तुला काही माहीत आहे?"

"मीच तिला येऊ नको म्हटलं," मावशी म्हणाली. खोटं बोलण्याचं बळच उरलं नव्हतं. "मला बघवत नव्हतं गं. तू तिला सगळं सांगतेस आणि मला बशा ठेवून जा म्हणतेस. मी जळत होते तिच्यावर. चूक माझी आहे, तिची नाही."

इतक्यात गाडी लागली. मावशीने डोळे पुसले, माइक ओढला, आणि रोजच्या संथ, खोल आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी सावकाश चढावे. गाडी कुणालाही मागे ठेवून जाणार नाही."

माइक बंद झाला. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पुन्हा म्हण. 'सावकाश.'"

"कशाला?"

"मावशी... शेवटी तू बोलली आहेस?"

मावशीने मान खाली घातली. भाची भिंतीला टेकून खाली बसली. "मग आई शेवटचं काही बोललीच नाही?"

मावशी तिच्याशेजारी फरशीवर बसली. "बोलली ना. ते वाक्य तिने मला अकरा वेळा म्हणून दाखवलं. खोकत, दम खात. 'असं नाही, पोर समोर उभी आहे असं समजून म्हण,' म्हणायची. बाराव्या वेळी मी तुझाच चेहरा डोळ्यांपुढे आणला. गळा माझा होता, राणी, पण शिकवणारी तीच होती."

भाचीने तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि तीन वर्षांत रडली नव्हती तशी रडली, तिला घट्ट धरून. रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "मी तुला किती वाईट बोलले..."

"मीही कमी नाही केलं. ऊठ. ती त्या गाडीत बसलीय. तिला आधी सांग, मावशीने परत घरी बोलावलंय."

भाची जिना उतरत धावली. काचेतून मावशीला दिसलं, खिडकीतून चष्मिसचे दोन्ही हात बाहेर आले, भाचीने ते धरले, आणि दोघी एकदमच बोलू लागल्या. छातीत जुनी कळ पुन्हा उठली. इतकी लवकर ती कुठली जायला?

सुटायची वेळ झाली होती. ड्रायव्हर घोषणेची वाट बघत वर पाहत होता. सोळा वर्षांत मावशीने एका मिनिटाचाही उशीर केला नव्हता. तिने काचेला हात टेकवून त्याला पाच बोटं दाखवली आणि माइकपासून खुर्ची मागे सरकवली.