बोरखडीची माती

महिला कबड्डी लीगच्या त्या हंगामात मी परभणीच्या संघाची फिजिओ होते. पट्ट्या बांधायच्या, बर्फ लावायचा, निखळलेली बोटं जागेवर बसवायची, हे माझं काम. अंतिम फेरी तीन सामन्यांची होती. दोन जिंकेल त्याचा चषक. पहिला आम्ही परभणीत अगदी सहज जिंकला. उरलेले दोन बोरखडीला होणार होते, कारण गुणतक्त्यात बोरखडी आमच्या वर होती.

पोखर्णीच्या पुढं डांबरी रस्ता सुटतो आणि दोन्ही बाजूंनी काळं रान लागतं. गाडीत आमचे प्रशिक्षक जीवन सर मागं वळून पोरींना सांगत होते, "बोरखडी घरच्या मैदानावर कधी हरली न्हाई म्हणत्यात. त्याच्यात जादू काय न्हाई. पब्लिक ओरडतं, पंच दबतो, आपण प्रवासानं आंबलेले असतो. एवढंच."

मलाही तसंच वाटत होतं.

पण बोरखडीचं पब्लिक ओरडतच नव्हतं. मैदानाभोवती दोन-अडीच हजार माणसं उकिडवी बसलेली, सगळी अनवाणी. चपलांचा ढीग पार कमानीपाशी. लीगचे इतर सामने मॅटवर व्हायचे. इथं मात्र ताक आणि हळद घालून मळलेली काळी माती होती. दगडाबाई नावाची एक म्हातारी सामन्याआधी तिच्यावर पाणी शिंपडत फिरली. ताकाचा आंबूस वास आला, आणि त्याच्याखाली दुसरा एक. तो मला जखमांच्या ड्रेसिंगमधून ओळखीचा होता.

आमची कर्णधार वैजयंती पहिल्याच चढाईला बोरखडीच्या बबिताला शिवून परत फिरली. मधली रेषा हातभर राहिली होती. तिथं ती खुंट्याला बांधल्यासारखी थांबली. मग सहाजणी तिच्यावर कोसळल्या. पूर्ण सामना असाच गेला. एकीचा खांदा निखळला, एकीचं नाक फुटलं. नाकातलं रक्त धारेनं मातीत पडत होतं. मी कापूस घेऊन धावले तेव्हा खाली डाग नव्हता.

आम्ही हरलो.

संध्याकाळी गावातल्या शाळेत मी वैजयंतीचा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर वळ होते. कबड्डीत ते असतातच. मग मी पाय उलटा केला. तळव्यावर पाच बोटं उमटली होती, जांभळी, लांब. जमिनीवर टेकलेल्या पायाचा तळवा कोण धरणार?

"ताई, तवा मला कोणी धरलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "बबिता तर लय मागं होती."

मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी तळव्यावरून अंगठा फिरवला. "खडा रुतला असंल," म्हणाले आणि बाहेर गेले.

"उद्या खेळू नकोस," मी म्हणाले.

"उद्या राज्याच्या निवडीला लोक यायलेत. माझं वय काय कमी व्हायलंय का, ताई? पुन्हा कोण बोलवणार मला?"

मी तिच्या पायाला दुहेरी पट्टी बांधली. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना दोन्हीकडचे गुण सारखे होते. शेवटची चढाई वैजयंतीची. ती रेषेपाशी आली तेव्हा समोर बबिता उभी होती. भुवई फुटून तिचा अर्धा चेहरा लाल झाला होता. मी बाजूलाच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"कुणाला शिवू नको. मोकळीच परत जा," बबिता म्हणाली. "हे आमच्या हातात न्हाई."

वैजयंतीनं दम धरला. "कबड्डी, कबड्डी..." आत शिरली आणि बबिताच्याच मांडीला लाथ मारून वळली.

मधल्या रेषेपाशी तिचं अंग पुढं गेलं. पाय गेला नाही.

ऊस मोडावा तसा आवाज आला.

ती तोंडावर पडली. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. बोरखडीच्या साती पोरी हात वर करून मागं सरकल्या होत्या. कोणीही तिला धरलं नव्हतं.

तरी ती मागं सरकत होती.

पोटावर. नखांनी माती ओरबाडत. पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं होतं.

मी धावले. काखेत हात घालून ओढलं. सर आले. खालून झटके बसत होते, थांबून थांबून, श्वास घेतल्यासारखे. बबितानं रडत येऊन माझी कंबर धरली आणि तीही ओढू लागली.

कोणी उठलं नाही. अडीच हजार माणसं आपापले तळवे जमिनीवर दाबून बसली होती.

काहीतरी फाटलं आणि आम्ही सगळे मागं पडलो.

पंचानं शिट्टी वाजवली. गुण बोरखडीला दिला.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, "मळणीयंत्रात गेला का?" मी हो म्हणाले. गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

दोन दिवसांनी दगडाबाई आली. डब्यात भाकरी-पिठलं, पिशवीत मोसंबी. वैजयंतीच्या उशाशी बसून तिनं तिचा हात हातात घेतला आणि खरोखर रडली. मग माझ्यामागं बाहेर आली.

"बाई, त्यो पाय कुठं ठेवलाव?"

"कशाला?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"अर्ध्यातून ओढून न्हेलाव तुमी," ती म्हणाली. "कालपासून आमच्याच पोरींचे पाय धरायलीय माती."