आसऱ्याचं वासरू

त्या काळी जगात जंतांवर लागू पडणारं एकच औषध उरलं होतं, आणि ते सगळ्या वासरांना पाजायला कायद्याने मनाई होती. प्रत्येक गायरानावरची काही धडधाकट वासरं तशीच सोडायची. त्यांना म्हणायचे आसऱ्याची वासरं.

सोजरचं असं एक वासरू गेल्या साली जंतांनी खंगून मेलं होतं. यंदा तिचा खिलार खोंड हरण्या गावात सगळ्यांत देखणा निघाला. आसऱ्याच्या वासरांच्या निवडीला महिना होता.

"चांगला पोसला, म्हणून त्यालाच वाऱ्यावर सोडायचा व्हय?" तिने पशुशास्त्रज्ञ डॉक्टर शर्वाणींना गाठून विचारलं.

"सोजरताई, औषधातून एखादा चिवट जंत वाचतोच. मग गायरानावर फक्त त्याचीच पिलावळ पसरते. आसऱ्याच्या वासरात साधे जंत जगतात. त्यांच्यात मिसळून चिवटांचा जोर कमी होतो, औषध चालत राहतं. धडधाकट वासरू तेवढं सोसतं."

"म्हंजे म्या जंत पाळायचं?"

"औषधाने मरतील असे जंत पाळायचे."

सोजरला ते पटलं, अगदी मनापासून पटलं. पण हरण्या तिचा होता. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याची पेंड बंद केली, वैरण निम्म्यावर आणली. तो हंबरायचा तेव्हा तिचा जीव तुटायचा, पण बाई बधली नाही.

निवडीच्या दिवशी डॉक्टरांनी हरण्याच्या छातीला मोजायची फीत लावली. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. शेजारच्या दावणीलाही तेच, वेशीपर्यंत तेच. सगळ्या गावाला एकच शहाणपण सुचलं होतं! इतकं अशक्त वासरू बिनऔषधाचं सोडलं तर मरणारच. डॉक्टरांनी नाइलाजाने एकूण एक वासरांना औषध पाजलं. सोजर जिंकली.

दोन वर्षांत गायरानावर चिवट जंतांचं राज्य झालं. औषध पाजून न पाजल्यासारखंच.

"आता काय हो, बाई?" सोजरने विचारलं.

"वासरांपुरतं औषध संपलं. माणसांचे जंत वेगळे, त्यांच्यावर तेच औषध अजून चालतं. ते तरी टिकायला हवं." डॉक्टर तिच्या नजरेला नजर देईनात. "पुढच्या महिन्यात शाळेत निवड आहे. प्रत्येक वर्गातली धडधाकट मुलं."

सोजर घरी आली. तिची सात वर्षांची रेवू शाळेतून येऊन जेवायला बसली होती, गालांवर तेज, भूक सपाटून लागलेली.

सोजरने लेकीच्या ताटातली भाकरी उचलली, मोडली, आणि अर्धीच परत ठेवली.